ड्रमखालचा खिळा

आमच्या अंगणात नळापासून चांगला दहा पावलं लांब पाण्याचा ड्रम होता. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, बाई, नळ तिथं आणि ड्रम इथं कशाला? बीडमध्ये पाणी येईल तेव्हा येतं, आणि ते पाइप ओढत ओढत भरायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला होतो. तरी मी ड्रम हलवला नाही. आधी लोखंडी होता. तो खालून सडला तेव्हा निळा प्लास्टिकचा आणला, पण जागा तीच. विचारणाऱ्याला मी म्हणायची, तुम्हाला उचलायचा आहे का? नाही ना? मग चहा घ्या.

त्या ड्रमखाली फरशीत एक पितळी खिळा होता. खिळा माझ्या नवऱ्यानं ठोकला होता आणि त्याच्यावर ड्रम मी ठेवला होता.

आमचे हे आर्किटेक्ट होते आणि लांबच्या शहरातल्या कॉलेजात प्राध्यापक होते. विषय सौर वास्तुरचना. नाव भारी, काम साधं: घरात ऊन कुठून येतं, कुठं घ्यायचं आणि कुठं अडवायचं. अक्का, म्हणजे यांची थोरली बहीण, म्हणायची, "उनाचं बी कालेज असतंय व्हय?" दिंद्रुडजवळच्या आमच्या गावी, वस्तीतल्या पत्र्याच्या घरात ही भावंडं वाढली. पत्र्याखाली वाढलेल्या माणसाला ऊन शिकवावं लागत नाही, असं हे म्हणायचे. पत्र्याच्या आतून तुराट्यांचा थर द्यायचा, वरून चुना मारायचा, पश्चिमेची खिडकी बुजवायची, असले उद्योग यांनी वस्तीतल्या कितीतरी घरांत केले. नोकरी तिकडं, घर इकडं. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे. मी इथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची.

खिळा हा यांच्या सावल्या मोजायच्या जागेचा. त्याच्यावर काठी उभी करायची, उत्तरेकडं खाकी कागद पसरायचा आणि भरदुपारी काठीची सावली पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. आपल्याकडं खरे बारा साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना वाजतात, हे मला लग्नानंतर कळलं आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. आमची पोर तीन वर्षांची झाली आणि हट्टाला पेटली, "पप्पा, मला काठी करा." तेव्हापासून काठी तीच. टाचा खिळ्याला लावून, हात ताठ करून उभी राहायची. शेंबूड आला तरी पुसायची नाही, सावली हलेल म्हणून.

वर्षातून दोनदा हा सोहळा असायचा, त्यासाठी हे रजा काढून यायचे. डिसेंबरात, सावली सगळ्यांत लांब पडते त्या दिवशी. आणि मे महिन्यात, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते त्या दिवशी. पोरीला मे महिन्यातला दिवस लई आवडायचा. "आई, बघ, मी माझी सावली गिळली." त्या दिवशी कागदावर उतरवायला सावली नसायचीच, म्हणून हे तिच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवायचे. तिला गुदगुल्या व्हायच्या आणि हे तिला दटावायचे.

ती आठ वर्षांची होती. मे महिन्यातल्या त्याच दिवशी, संध्याकाळी तिचं अंग तव्यासारखं तापलं. ऊन लागलं होतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात यांची आई होती, अक्का होती, गावाकडची दहा-बारा माणसं होती. त्या सगळ्यांसमोर मी यांना म्हणाले, "तुमच्या कागदासाठी तुम्ही तिला उन्हात उभं केलंत." मी ते पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या जाळीतून मला ती खिळ्यावर उभी दिसली होती, लाल फ्रॉक, हात दोन्ही बाजूंना ताठ. यांनी माझ्याकडं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान खाली घातली आणि मूग गिळून बसले. जो बोलत नाही तो कबूल झाला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

यांच्या आईनं यांच्याशी बोलणं टाकलं. म्हातारी पुढं सात वर्षं जगली. हे गावी जायचे, तिच्या बाजेशी पायांकडं बसायचे आणि ती भिंतीकडं तोंड फिरवायची. गावात लोक म्हणायचे, जगाच्या घरात सावली करत फिरतो आणि स्वतःच्या लेकीला उन्हात वाळवली. हे माझ्या कानावर यायचं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

पोरीच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्रम फरफटत नेला आणि खिळ्यावर ठेवला. काठोकाठ भरला, कुणाला हलवता येऊ नये म्हणून. हे ओसरीवर बसून बघत होते. त्यांनी तो ड्रम बाजूला कर असं कधी म्हटलं नाही. आम्ही पुढं तीस-बत्तीस वर्षं एका घरात राहिलो, एका पातेल्यातलं खाल्लं, एकमेकांचं दुखलं-खुपलं काढलं. त्या दिवसाबद्दल मात्र एक शब्द झाला नाही.

गेल्या पोळ्याच्या आसपास हे गेले. झोपेतच गेले. यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा एक जुना विद्यार्थी आला होता, आता त्याच कॉलेजात प्राध्यापक आहे, केस पिकलेत. म्हणाला, "मॅडम, सरांचे सगळे कागद आम्हाला द्या. कॉलेजात जतन करून ठेवायचेत, कायमचे." मी म्हणाले, आजच घेऊन जा. पेट्यांनी एक खोली अडली होती. तर म्हणाला, तसं चालत नाही. आधी यादी पाहिजे. एकेका कागदाला एक ओळ, त्यात काय आहे, कधीचं आहे. "हे घरच्याच माणसाला सांगता येईल. आणि तुमचं अक्षर चांगलं आहे, सर सांगायचे."

आता असं यांनी मला आयुष्यात कधी म्हटलं नाही. परक्या माणसापुढं माझ्या अक्षराचं कौतुक! शहाण्यानं तिथंच ओळखावं की या माणसाच्या पोटात काय काय असेल.

मी फुलस्केप वही आणली, रेघा मारल्या आणि बसले. जन्मभर या कागदांवरची धूळ मी झटकली, आता हजेरीही मीच घ्यायची. अकरा पत्र्याच्या पेट्या. घरांचे नकाशे, शाळांचे नकाशे, विद्यार्थ्यांच्या न तपासलेल्या उत्तरपत्रिका (त्या पोरांचं काय झालं असेल कोण जाणे), उमापूरच्या कुण्या शेतकऱ्याचं पत्र की साहेब, चुना मारल्यापासून म्हैस पत्र्याखाली बसायला लागली. मी हसले. एकटीच. पहिल्या दोन पेट्या अशा हसत आणि शिंकत गेल्या.

तिसऱ्या पेटीत परकराच्या नाडीनं बांधलेली एक गुंडाळी होती. नाडी माझीच. सोडली आणि फरशीवर पसरली. डिसेंबरच्या सावल्या. पहिली जेमतेम दोन हात लांब, दोन बाजूंना दोन शेंड्या. दुसरी जरा मोठी. मी मास्तरीण, मोजायला लागले. तिसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंत, म्हणजे सहा डिसेंबर. सहा सावल्या असायला हव्यात.

सहावी झाल्यावर खाली सातवी होती.

तिच्याखाली आठवी. खिळ्यावर ड्रम होता, भरलेला. मग या कागदावर उभं कोण राहिलं? मी दार लावून घेतलं. भर दिवसा, बाहेर भाजीवाला ओरडत असताना, मला माझ्याच घरात मागं वळून बघायची भीती वाटत होती. एकेक कागद काढत गेले. सावली वाढत होती. दोन शेंड्यांच्या दोन वेण्या झाल्या, दोन वेण्यांची एक झाली. पुढं एका वर्षी सावलीला पदर आला. मग लांबी वाढायची थांबली, पण कागद थांबले नाहीत. दरवर्षी एक. शेवटचा गेल्या डिसेंबरचा. त्याच्यात अंबाडा आहे.

मग मला कोपऱ्यातली बारीक आकडेमोड दिसली. वय, त्या वयाची उंची, सूर्य किती अंशावर, म्हणून सावली किती. प्रत्येक कागदावर. हे मोजत नव्हते, काढत होते. मी खिळा बुजवला होता, म्हणून हिशोबानं काढत होते. डिसेंबरात दार लावून बसायचे आणि मी बाहेरून म्हणायची, पेपर तपासताय का? ते म्हणायचे, हूं.

मला इतका राग आला. लेक एकट्याची होती का? आत बसून तिला मोठी करत होते, तिला साडी नेसवत होते, आणि मी भिंतीपलीकडं भाकरी थापत होते. मला हाक मारली असती तर मी काय खाल्लं असतं त्यांना? मग आठवलं, ड्रम कुणी ठेवला होता.

त्या रागातच मी मे महिन्यातली गुंडाळी शोधायला लागले. मला तो दिवस हातात पाहिजे होता. त्यांनी तिला उभं केलं त्या दिवसाचा कागद, तिच्या पावलांसकट. सातव्या पेटीत सापडली. छोटी छोटी पावलं, दरवर्षी बोटभर मोठी, बोटं जरा फाकलेली, गुदगुल्यांनी हललेली रेघ. शेवटचा कागद उघडला.

त्याच्यावर पावलं नव्हती.

मधोमध काठीचा गोल ठसा होता, रुपयाएवढा. कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात तारीख आणि खाली: "मुलगी गिरणीवर गेली आहे. काठी उभी केली. बारा पंचवीस. सावली शून्य. ऊन फार."

मी तारीख पुन्हा वाचली. वर्ष तेच होतं.

त्या उन्हाळ्यात लाईट अकराला यायची आणि एकला जायची. गिरणीवर डब्यांची रांग लागायची. संध्याकाळी माझा भाऊ येणार होता आणि घरात पीठ नव्हतं. मी ज्वारीचा डबा पोरीच्या डोक्यावर दिला. ती म्हणाली, "आई, आज सावली गिळायची आहे." आणि मी म्हणाले, "सावली कुठं पळून जात नाही. लाईट जाते." ती गेली. दीड वाजता आली, तोंड लालबुंद, पिठाचा डबा गरम. त्या पिठाच्या भाकरी मी संध्याकाळी केल्या. तिनं ताट सरकवलं, आणि मी तिच्यावर ओरडले की अन्नाला नावं ठेवू नकोस.

लाल फ्रॉक आदल्या वर्षीचा होता. जाळीतून मी जे पाहिलं ते आदल्या वर्षीचं होतं. दरवर्षी ती त्या दिवशी खिळ्यावर असायची, म्हणून त्याही वर्षी मी तिला तिथंच उभी करून टाकली. मी विसरले होते असं म्हणणार नाही. पीठ मला आठवत होतं, गिरणी आठवत होती. फक्त तो दिवस मी दुसऱ्या दिवसांत मिसळून ठेवला होता, आणि त्याच्यावर ड्रम.

आणि यांना सगळं ठाऊक होतं. कागद दुपारी लिहिलेला, पोर अजून घरी यायची होती तेव्हा. तेव्हा कुणाला कशाचा पुरावा लागणार होता? व्हरांड्यात मी बोलले तेव्हा त्यांनी वर पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. गिरणीवर तू पाठवलंस. आईनं तोंड फिरवलं तेव्हा पुरलं असतं. गावानं नावं ठेवली तेव्हा पुरलं असतं. ते का बोलले नाहीत हे मला कळतं. कळतं म्हणूनच झोप येत नाही.

चार दिवस तो कागद गादीखाली होता. मी दोनदा त्याला घेऊन गॅसपाशी गेले. जाळला असता तर कुणाला कळणार होतं? अकरा पेट्यांत एक खाकी कागद कमी. ते बोलले नाहीत, मीही नाही बोलले तर गोष्ट आमच्या दोघांसोबत संपली असती, आणि नाव त्यांचं खराब, ते तर खराब होतंच. असा विचार मी केला. केला म्हणून लिहिते.

पाचव्या दिवशी एसटीनं गावी गेले. अक्का आता ऐंशीच्या पुढं आहे, दिसतं कमी, ऐकू सगळं येतं. ओसरीवर बसली होती. "काय मास्तरीणबाई, आज वाट चुकलीस?"

"अक्का, एक कागद वाचते. ऐका."

वाचला. ती म्हणाली, "पुन्यांदा वाच." पुन्हा वाचला.

"म्हंजी त्यानं उभं केलं न्हवतं पोरीला."

"नाही. गिरणीवर मी पाठवलं होतं. व्हरांड्यात मी खोटं बोलले. मला ते खरं वाटत होतं, पण ते खोटं होतं."

मी शिव्यांची वाट बघत होते. अक्काची जीभ तालुक्यात प्रसिद्ध आहे. तिनं मान वर करून पत्र्याकडं पाहिलं. आतून तुराट्या अजून तशाच आहेत, यांनी बांधलेल्या.

"माय मेली गं त्याच्याशी न बोलता," ती म्हणाली. "सात वरसं त्यो तिच्या पायापशी येऊन बसायचा. मरताना बी तिनं तोंड हिकडं केलं न्हाई. आता म्या कुनाला सांगू?"

"मला बोला, अक्का. मला शिव्या द्या."

"तुला शिव्या देऊन माय उठून बसती का?" मग म्हणाली, "कावून बोलला न्हाई त्यो? भाड्या. एक डाव मला तरी सांगायचं." आणि तिनं पदरानं डोळे पुसले, पहिल्यांदा एक, मग दुसरा. जरा वेळानं विचारलं, "हे कागद कुठं चाललेत?"

"कॉलेजात. जपून ठेवणार आहेत. कायमचे."

"मंग तितं लिव्ह. तुझ्या हातानं. मायला सांगता येत न्हाई, कागदाला तरी सांग. आन् भाकर खाऊन जा."

घरी आल्यावर मी वहीत ओळ लिहिली. इतर ओळींसारखीच, निळ्या शाईत, तिरकी नाही, मोठी नाही. "मे महिन्यातील शून्य सावलीची नोंद, खाकी कागद, एक. या दिवशी त्यांनी मुलीला उन्हात उभे केले नव्हते. तिला गिरणीवर मी पाठवले होते. मी सर्वांना उलट सांगितले." खाली सही केली. यादीत सही असलेली ती एकच ओळ आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो प्राध्यापक जीप घेऊन आला. तो वहीतून मोठ्यानं वाचायचा आणि मी कागद दाखवायची, असं चाललं होतं. त्या ओळीवर तो अर्ध्यात थांबला. उरलेलं मनात वाचलं. "मॅडम, यादीत फक्त वर्णन लागतं. ही ओळ नसली तरी..."

"हेच वर्णन आहे. पुढं वाचा."

त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुढची ओळ वाचली. शेवटचा, अंबाड्याचा कागद मात्र मी दिला नाही. वहीत तसं लिहिलं आहे: दिलेला नाही.

जीप गेल्यावर घर रिकामं झालं. त्या खोलीत आवाज घुमायला लागला. मला वाटलं होतं आता तरी झोप लागेल. उलट मध्येच वाटायचं की अंगणात कुणी ताठ उभं आहे, कुणी हाक मारायची वाट बघत.

सगळ्यांत लांब सावलीच्या दिवशी सकाळी मी ड्रम रिकामा केला. बादल्या भरून भरून शेजारणीला दिल्या. तिला वाटलं मला लागलं खूळ. ड्रम आडवा केला आणि नळापाशी लोटत नेला. फरशीवर पांढरं कडं पडलं होतं आणि मधोमध खिळा, हिरवा झालेला. चिंच लावून घासला. मग ठेवून घेतलेला अंबाड्याचा कागद पसरला, खिळ्यापासून उत्तरेकडं, आणि कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

बारा पंचवीसला टाचा खिळ्याला लावून उभी राहिले. माझी सावली तिच्या सावलीत पडली, आणि पुरली नाही. चार बोटं कमी भरली. वय झालं की माणूस वाकतं, ते आहेच. पण कोपऱ्यात त्यांनी जी उंची लिहिली होती, तितकी मी कधीच नव्हते. त्यांनी तिला माझ्यापेक्षा उंच केलं होतं.

आता माझी सावली उतरवून घ्यावी म्हटलं, तर स्वतःची सावली स्वतःला काढता येत नाही. पेन्सिल घेऊन वाकलं की ती मोडते. त्याला दुसरं माणूस लागतं. म्हणून मी तशीच उभी राहिले, हात दोन्ही बाजूंना ताठ, आणि मोठ्यानं म्हणाले, "गिरणीवर मी पाठवलं होतं."

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण वळून बघायला लागली. मी पुन्हा म्हणाले, जरा अजून मोठ्यानं.